टॅबवर मीटिंग रेकॉर्ड होते, पण आवाज येत नाही? आधी हे वाचा



टॅबवर झूम किंवा मीटची मीटिंग सुरू केली, वरची पट्टी खाली ओढली, स्क्रीन रेकॉर्डर दाबला. पाऊण तास सगळं बोलणं झालं. नंतर फाइल उघडली तर चित्र झकास, समोरच्याचे ओठ हलतायत, आणि आवाज शून्य. नाहीतर फक्त आपलाच आवाज, समोरचा मुका.

आपल्यातल्या निम्म्या लोकांकडे लॅपटॉप नाही. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये पोरांच्या ऑनलाइन शाळेसाठी घेतलेला टॅब आता आईच्या मसाल्याच्या धंद्याला लागलाय. माझ्या दुकानात काउंटरवरही टॅबच आहे. सुरतचा व्यापारी त्याच्यावरच ड्रेस मटेरियलचे थान उलगडून दाखवतो. म्हणून टॅबवर रेकॉर्डिंग कसं करायचं हा प्रश्न बरोबरच आहे.

पण आज नुसती बटणं सांगून थांबणार नाही. माझं मत आधीच सांगून टाकतो, मग पटतंय का बघा. टॅबच्या स्क्रीन रेकॉर्डिंगच्या मागे वेळ घालवू नका. रेकॉर्डिंग करायचंच तर दुसऱ्या फोनने करा, समोरच्याला सांगून करा. आणि रेकॉर्डिंगपेक्षा मीटिंगनंतरच्या पाच ओळींवर जास्त भर द्या. तुमचे पैसे त्या पाच ओळी वाचवतात.

आवाज जातो कुठे?

टॅब खराब नाहीये. हे मुद्दामच असं बनवलेलं आहे.

अँड्रॉइड १० म्हणजे २०१९ पासून एका ॲपमधून येणारा आवाज दुसऱ्या ॲपला रेकॉर्ड करता येतो. पण कुठला आवाज? गाणी, व्हिडिओ, गेम यांचा. कॉलवरचं बोलणं वेगळ्या प्रकारात धरलं जातं आणि ते साध्या रेकॉर्डर ॲपला मिळतच नाही. २०२० मध्ये अँड्रॉइड ११ सोबत स्क्रीन रेकॉर्डर आतच आला. त्यात ‘डिव्हाइस ऑडिओ’, ‘मायक्रोफोन’ आणि दोन्ही असे पर्याय दिसतात. आपण खूश होऊन दोन्ही निवडतो. पण मीटिंगच्या वेळी नियम तोच.

मग माइकमधून तरी आवाज यायला हवा की नाही? तिथेही गंमत आहे. एकाच वेळी दोन ॲप माइक मागायला लागली, तर कॉल चालू असलेल्या ॲपला पहिला मान. दुसऱ्या ॲपला अँड्रॉइड नुसती शांतता देतं. एरर येत नाही, सूचना येत नाही. रेकॉर्डर बिचारा पाऊण तास शांतताच रेकॉर्ड करत बसतो. म्हणून तुम्हाला शेवटपर्यंत काही कळत नाही. कंपनीप्रमाणे टॅबचं वागणं थोडं इकडेतिकडे होतं, पण भरवसा ठेवावा असं नाही.

आयपॅडवर कंट्रोल सेंटरमधलं रेकॉर्डिंगचं बटण दाबून धरलं की माइक चालू करायचा पर्याय येतो. पण मीटिंगच्या ॲपने माइक धरलेला असला की तिथेही बऱ्याचदा हेच रडगाणं.

त्यात तुम्ही कानात इअरफोन घातले असतील तर विषयच संपला. समोरच्याचा आवाज तुमच्या कानाबाहेर आलाच नाही, तर माइक ऐकणार काय?

‘भाऊ, एक ॲप आहे’

इथे कोणीतरी सल्ला देतंच, की अमुक साइटवरून ही फाइल उतरव, सगळं रेकॉर्ड होतं. कृपा करून करू नका.

गूगलने ११ मे २०२२ पासून प्ले स्टोअरवरच्या ॲपना ॲक्सेसिबिलिटीची परवानगी वापरून कॉल रेकॉर्ड करायला मनाई केली. ही परवानगी म्हणजे घराची किल्लीच. ती मिळालेलं ॲप स्क्रीनवर काय लिहिलंय ते वाचू शकतं, तुमच्या वतीने बटणं दाबू शकतं. त्याच टॅबवर तुमचं यूपीआय आहे, बँकेचा ओटीपी येतो, ग्राहकांचे नंबर आहेत. तीन हजारांच्या ऑर्डरचं बोलणं पकडायला अख्ख्या धंद्याची किल्ली अनोळखी माणसाला द्यायची, हा कुठला हिशोब?

सरळ रस्ते कुठले?

झूमच्या फुकट प्लॅनमध्ये मीटिंग ४० मिनिटांची. कॉम्प्युटर किंवा लॅपटॉपवर फुकटातही रेकॉर्डिंग होतं, फाइल त्याच मशीनवर जमा होते. टॅबवर मात्र ती सोय नाही. टॅबवरून रेकॉर्ड करायचं तर ते क्लाउडवर होतं, आणि त्यासाठी पैसे भरलेला प्लॅन लागतो. शिवाय रेकॉर्ड करण्याचा अधिकार होस्टचा. तुम्ही पाहुणे असाल तर होस्टकडे परवानगी मागावी लागते.

गूगल मीटवर साध्या जीमेल खात्यात रेकॉर्डिंग नाही. तीन किंवा जास्त माणसं असली की फुकटात ६० मिनिटांची मर्यादा. वर्कस्पेसचा बिझनेस स्टार्टर घेतला तरी रेकॉर्डिंग मिळत नाही, बिझनेस स्टँडर्डपासून पुढे मिळतं. फाइल ड्राइव्हमध्ये जाते. व्हॉट्सॲपच्या व्हिडिओ कॉलमध्ये तर रेकॉर्डचं बटणच नाही.

म्हणजे काय? घरात कोणाचाही जुना लॅपटॉप असेल तर महत्त्वाच्या मीटिंगपुरता तो मागा आणि झूम त्याच्यावर लावा. आठवड्याला चार-पाच क्लास ऑनलाइन घेत असाल, रेकॉर्डिंग हाच तुमचा माल असेल, तर प्लॅनचे पैसे भरा. तो खर्च धंद्याचा आहे, बिल ठेवा. बाकीच्यांनी महिन्याचा खर्च अंगावर घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. सुरुवातीच्या धंद्याला महिन्याची वर्गणी म्हणजे गळकी बादली. कधी रिकामी झाली कळत नाही.

माझी पद्धत: ड्रॉवरमधला जुना फोन

व्यवहाराच्या मीटिंगमध्ये चित्र क्वचितच लागतं. लागतं ते बोलणं. दर किती, माल किती, कधी, पैसे कधी. म्हणून फक्त आवाज घ्या.

घरात काच तडकलेला, सिम नसलेला एखादा फोन असतोच. त्यातला व्हॉइस रेकॉर्डर चालतो. टॅब स्पीकरवर ठेवा. टॅबचा स्पीकर बहुतेक कडेला असतो, तो कुठल्या बाजूला आहे ते बघा. जुना फोन त्या स्पीकरच्या आणि तुमच्या मधोमध, वीतभर अंतरावर ठेवा. खाली रुमालाची घडी टाका, नाहीतर टेबलावर पेन ठेवलं तरी धाडकन आवाज येतो. पंखा कमी करा. कुकर लावला असेल तर मीटिंग दहा मिनिटं पुढे ढकला, मी गंमत करत नाहीये.

सिमवाला फोन वापरत असाल तर तो फ्लाइट मोडवर टाका, कारण मध्ये कॉल आला की रेकॉर्डिंग तुटू शकतं. पण टॅबला नेट त्याच फोनच्या हॉटस्पॉटवरून मिळत असेल तर फ्लाइट मोड टाकता येणार नाही, नेटच जाईल. म्हणूनच म्हणतो, बिनसिमचा जुना फोन सगळ्यात बरा.

मीटिंगच्या आधी घरच्या कोणाला तरी दुसऱ्या खोलीतून कॉलवर घ्या, ३० सेकंद रेकॉर्ड करा आणि ऐका. दोघांचे आवाज स्वच्छ येतायत का? झालं. हा तीस सेकंदांचा कंटाळा करू नका.

जागेचा हिशोबही बघा. ६४ केबीपीएसने केलेला एक तासाचा ऑडिओ साधारण २९ एमबी होतो. स्क्रीन रेकॉर्डिंग ६ एमबीपीएसने झालं तर तोच एक तास २.७ जीबी खातो. ३२ जीबीच्या टॅबवर किती मीटिंगा मावतील, तुम्हीच गुणाकार करा.

लपून रेकॉर्ड करायचं का?

आता खरा मुद्दा. हे वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या मनात रेकॉर्डिंगचं कारण एकच असतं: ‘समोरचा उद्या पलटला तर?’ आणि म्हणून न सांगता रेकॉर्ड करायचं असतं.

मी याच्या विरुद्ध आहे. नीतीचे धडे द्यायला नाही, धंद्याच्या भाषेतच सांगतो.

आपल्या बॅचमधल्या एका ताईंचं उदाहरण घ्या. दिवाळीचा फराळ करतात. एका दुकानदाराबरोबर व्हिडिओवर ठरलं: ६० किलो चकली, पाव किलोच्या पाऊचमध्ये. म्हणजे २४० पाऊच. पाऊच दुकानदार देणार होता. माल तयार झाला तेव्हा तो म्हणाला, ‘पाऊच तुमचेच ठरले होते.’ १४ रुपयांचा एक पाऊच, २४० चे झाले ३,३६० रुपये. ताईंकडे बोलण्याचं रेकॉर्डिंग होतं. त्यांनी तो तुकडा कापून पाठवला. ताई शंभर टक्के खऱ्या होत्या. दुकानदाराने ऐकलं, पाऊचचे पैसे दिले, आणि एकच वाक्य लिहिलं: ‘तुम्ही माझं बोलणं टेप करत होतात?’ त्यानंतर त्या दुकानातून एकही ऑर्डर आली नाही.

३,३६० रुपये मिळाले, वर्षभराचं गिऱ्हाईक गेलं. आणि बाजारपेठ लहान असते. एका दुकानदाराने चार जणांना सांगितलं की ‘त्या बाई रेकॉर्ड करतात’, की बाकीचे जपून बोलायला लागतात. तुमच्याशी जपून बोलणारा माणूस तुम्हाला कधी मोठी ऑर्डर देत नाही.

‘मग फसवून घ्यायचं का, सर?’ नाही. पण रेकॉर्डिंग घेऊन तुम्ही पुढे काय करणार, हा विचार करा. कोर्टात? १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं, आणि त्यातला एक भाग तज्ज्ञाने भरायचा असतो. तीन हजारांसाठी कोण हे करत बसणार? दुसऱ्या बाजूला, खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ मध्येच सांगितलंय, आणि लोकांच्या डिजिटल माहितीसाठी २०२३ चा कायदाही आलाय. मोठ्या रकमेचा वाद असेल तर वकिलाला विचारा. रोजच्या व्यवहारात मात्र लपवलेलं रेकॉर्डिंग हे असं हत्यार आहे, जे चालवलं की आपल्यालाही लागतं.

सांगून केलेलं रेकॉर्डिंग अगदी वेगळं. मीटिंग सुरू होतानाच सरळ म्हणायचं: ‘दादा, तुमचं एकही म्हणणं माझ्याकडून सुटायला नको, म्हणून आवाज रेकॉर्ड करून ठेवतोय, चालेल ना? ऑर्डर पूर्ण झाली की काढून टाकतो.’ बहुतेक जण ‘हो, हो’ म्हणतात. आणि गंमत बघा, रेकॉर्ड होतंय हे माहीत असलेला माणूस आकडे नीट बोलतो. ‘बघू, करू, देऊ’ कमी होतं. पलटण्याची जागाच कमी होते. कोणी ‘नको’ म्हणालं तर फोन त्याच्यासमोर बंद करा आणि वही काढा. त्यात अपमान वाटून घेऊ नका.

पाच ओळी

आता त्या पाच ओळींकडे येऊ. रेकॉर्डिंग कोणी ऐकत नाही. ५२ मिनिटांची फाइल तुम्ही परत ऐकणार आहात का? समोरचा ऐकणार आहे का? पण मेसेज दोघंही वाचतात.

मीटिंग संपल्यापासून अर्ध्या तासाच्या आत हा मेसेज गेला पाहिजे:

‘नमस्कार दादा, आज आपलं ठरलं ते लिहून पाठवते.
१. माल: भाजणीची चकली, ६० किलो, पाव किलोचे २४० पाऊच.
२. दर: किलोला ठरला तो आकडा, वाहतूक धरून की सोडून.
३. पॅकिंग: पाऊच तुमच्याकडून, माल भरण्याच्या चार दिवस आधी माझ्याकडे पोहोचतील.
४. पोहोच: कुठे, कोणत्या तारखेला.
५. पैसे: आगाऊ किती, बाकी कधी.
यात काही राहिलं असेल तर आज संध्याकाळपर्यंत कळवा. तुमचं ओके आलं की कामाला लागते.’

शेवटचं वाक्य महत्त्वाचं. ‘ओके’ येईपर्यंत भाजणी दळायला टाकायची नाही. ताईंनी तिसरी ओळ त्याच दिवशी पाठवली असती, तर गोंधळ मीटिंगच्या संध्याकाळीच मिटला असता. मग रेकॉर्डिंगचा तुकडा कापायची वेळच आली नसती. दुकानदार मुद्दाम खोटं बोलत होता असंही मला वाटत नाही. त्याच्या दिवसभरात असे दहा सौदे होतात. लोक फसवतात त्यापेक्षा विसरतात जास्त.

लिहून ठेवण्याला कायद्याचाही आधार आहे. तुम्ही उत्पादन किंवा सेवा देणारे सूक्ष्म किंवा लघु उद्योजक असाल आणि उद्यम नोंदणी असेल, तर २००६ च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे पैसे देण्याची मुदत लेखी ठरलेली असली तरी ती ४५ दिवसांच्या पुढे जाऊ शकत नाही. लेखी काहीच ठरलं नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, दर महिन्याला चक्रवाढ, असं व्याज लागू होतं. तक्रार ऑनलाइन करता येते, आणि तिथे वर्क ऑर्डर आणि बिलं मागतात. तुमची ऑडिओ फाइल कितीही स्वच्छ असली तरी वर्क ऑर्डरची जागा घेत नाही. म्हणून ऑर्डर मोठी असेल तर त्याच पाच ओळी ईमेलने पाठवा आणि समोरच्याकडून ऑर्डर लेखी मागा.

मग रेकॉर्डिंग कशासाठी?

माझ्या मते रेकॉर्डिंगचा सगळ्यात मोठा उपयोग समोरच्याला पकडण्यासाठी नसून स्वतःला ऐकण्यासाठी आहे. यावर मात्र मी ठाम आहे.

महिन्यातून एक मीटिंग निवडा. सगळी नको, फक्त १५ मिनिटं ऐका, दर निघाला तिथपासून. तीन गोष्टी कागदावर लिहा. एक, तुम्ही जास्त बोललात की गिऱ्हाईक? दोन, दर सांगितल्यावर तुम्ही थांबलात, की समोरचा काही बोलायच्या आधीच ‘पण कमी करू की’ म्हणालात? तीन, समोरच्याने विचारलेला कुठला प्रश्न तुमच्या कानावरून गेला?

दुसऱ्या प्रश्नापाशी बहुतेकांचा चेहरा पडतो. कोणी मागितलेली नसताना सूट देणारे लोक आपल्यात फार आहेत. २०० रुपयांच्या वस्तूवर न मागता १० रुपये सोडले, महिन्याला ३०० नग गेले, तर ३,००० रुपये झाले. वर्षाला ३६,०००. हे पैसे कोणी लुबाडले नाहीत, आपल्याच तोंडातून गेले. मीटिंग चालू असताना हे कळत नाही, ऐकल्यावर कळतं. हे शिकवायला मी फी घेतो खरा, पण जुना फोन तेच फुकटात शिकवतो.

फाइलींचं काय करायचं?

फाइलला नाव द्या: तारीख, गिऱ्हाईक, विषय. ‘रेकॉर्डिंग ००४७’ नावाची फाइल सहा महिन्यांनी कोणाच्या बापाला सापडत नाही. माल पोहोचला, पैसे आले, की शब्द दिल्याप्रमाणे फाइल काढून टाका. कोणाच्या बोलण्याचा तुकडा ग्रुपवर टाकू नका, स्टेटसला तर नाहीच. आणि कोणाचा क्लास किंवा वेबिनार रेकॉर्ड केला असेल तर तो पुढे वाटणं म्हणजे त्याच्या दुकानातला माल उचलून वाटण्यासारखं आहे. उद्या तुमचाही क्लास असेल.

या आठवड्याचं काम सोपं आहे. ड्रॉवरमधला जुना फोन चार्ज करा, टॅबसमोर ठेवून ३० सेकंदांची चाचणी घ्या, आणि पाच ओळींचा मेसेज आजच नोट्समध्ये लिहून ठेवा, म्हणजे दर वेळी नुसते आकडे बदलायचे. पुढची मीटिंग झाली की टॅब बाजूला ठेवायच्या आधी तो मेसेज पाठवा. नंतर पाठवू म्हटलं की राहतं.

भेटू पुढच्या व्हिडिओत. धंदा चालू ठेवा.